मंगरूभाऊंचा कोयता

आज जे लिहितो आहे ते मी पन्नास वर्षं टाळलं. टाळण्यासाठी कारणंही चांगली चांगली शोधली. आधी मास्तरकीची ऑर्डर यायची होती, मग नोकरी नवी होती, मग मुलांची लग्नं, मग गुडघे. आता निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली, मुलांची मुलं कॉलेजात गेली आणि गुडघ्यांचं ऑपरेशनही झालं. कारणं संपली. तरीही मी कदाचित गप्पच राहिलो असतो. पण यंदा मोह गळायला लागले त्या दिवसांत माझी नात रेणू नागपूरहून चार दिवसांसाठी आली, मोबाइल घेऊन ओसरीवर माझ्याजवळ बसली आणि बोलता बोलता एक वाक्य असं बोलून गेली, की माझ्या हातातला चहा हातातच निवला.

रेणूला कोयता घ्यायचा होता. तिच्या मैत्रिणी-मैत्रिणींनी जंगलाकाठच्या एका तलावाजवळ तंबू ठोकून दोन दिवस राहायचं ठरवलं होतं. याला आता कॅम्पिंग म्हणतात, आणि त्याचं सामान मोबाइलवर मिळतं. "आबाजी, यातला कोणता घेऊ सांगा," ती म्हणाली. "काड्या तोडायच्या, खुंट्या ठोकायच्या, कांदा कापायचा, सगळ्याले एकच पाहिजे. बॅगमध्ये जागा नाही."

पडद्यावर नऊ कोयते होते. एक काळाकुट्ट, पाठीला करवतीचे दात असलेला. एकाच्या मुठीत दिशा दाखवणारी सुई. एक इतका चकचकीत, की त्यात पाहून दाढी करावी. मला मजा वाटायला लागली. कोयता कसा निवडावा हे मला या वयात कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं, आणि या विषयावर मी एकेकाळी घरोघरी व्याख्यानं दिलेली आहेत. मी तिला म्हटलं, करवतीचे दात नको, ते लाकडात अडकतात आणि मग पाठीनं खुंटी ठोकता येत नाही. मुठीत सुई म्हणजे मूठ पोकळ, ती दुसऱ्या दिवशी हातात येईल. लांबी आपल्या कोपरापासून बोटांच्या पेरापर्यंत. वजन पुढं, टोकाकडं, म्हणजे हातानं फक्त उचलायचं, पडायचं काम तो आपणच करतो. टोक थोडं आत वळलेलं, म्हणजे काटेरी फांदी ओढता येते. रेणू खूष होऊन एकेक कोयता बाद करत गेली. सातव्यावर थांबली, खाली कोणा गिऱ्हाइकानं लिहिलेलं मत वाचलं आणि तोंड वाकडं केलं.

"हा नको. नारळावर मारला तर वाकला म्हणते हा माणूस. मंगरूचा माल दिसते."

मी विचारलं, मंगरू कोण ते तुला ठाऊक आहे का. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी मंगळवार कोण असं विचारलं. "कोण म्हणजे? असंच म्हणतात ना. आई म्हणते, बाबा म्हणतात. माझा चार्जर बिघडला तेव्हा तुम्हीच म्हणाले असाल."

मी म्हणालो नव्हतो. मी ते दोन शब्द कधीच उच्चारत नाही. पण बपेऱ्याच्या आसपास, आमच्या चार-पाच गावांत, ते सगळेच उच्चारतात. नवा पंखा घरघरला, मंगरूचा माल. पहिल्या पाण्यात रस्ता उखडला, मंगरूचा माल. जावई तिसरी नोकरी सोडून आला, तरी तेच. मंगरू नावाचा एक हाडामांसाचा माणूस होता, आमच्याच गावचा लोहार होता, त्याच्या ऐरणीचा आवाज आमच्या शाळेच्या घंटेच्या आधी ऐकू यायचा, हे आता कोणाला माहीत नाही. माणूस गेला, दुकान गेलं, त्याच्या हातची चांगली अवजारंही बहुतेक झिजून गेली. राहिले ते दोन शब्द. आणि ते मी पेरलेले आहेत.

*

मोहाचे दिवस इतर दिवसांसारखे नसतात. फाल्गुनात झाडाची पानं गळतात, फांद्या उघड्या पडतात, आणि मग एका सकाळी तुम्ही उठता तेव्हा वाऱ्याला एक गोड, जडसर वास असतो. ज्यांना सवय नाही त्यांचं त्या वासानं डोकं दुखतं. आम्हाला त्यानं भूक लागते. फुलं पहाटेपासून टपटप पडू लागतात, ऊन तापलं की थांबतात. त्या चार तासांत वेचायची. उशीर केला तर गाई, माकडं, हरणं आणि अस्वलं वेचतात. म्हणून ज्यांची झाडं जंगलाकाठी, ते तीन आठवडे झाडाखालीच राहायला जात. तेच आमचं कॅम्पिंग, फक्त त्याला आम्ही 'मोहावर जाणं' म्हणायचो.

त्या वर्षी मी तेवीस वर्षांचा होतो. मॅट्रिक झालो होतो आणि मास्तरकीची ऑर्डर येईल म्हणून वाट पाहत होतो. ऑर्डर यायच्या आधीच गाव मला मास्तर म्हणायला लागलं होतं, आणि मीही त्या नावाला शोभेल असं बोलायला लागलो होतो. माझ्याबरोबर मोहावर यायचे ते श्रावणकाकाजी, वडिलांचे चुलतभाऊ. सडपातळ, पोपटासारखं नाक, आणि जिभेला हाड नाही. पंचवीस वर्षं मोहावर काढलेला माणूस, आणि त्यांच्या खांद्यावर पंचवीस वर्षं तीच कुऱ्हाड.

कावडीवर तांदूळ, लाखोरीची डाळ, सुकी मासोळी, जवसाची चटणी, मडकं, पिपा, टोपल्या. एवढं झाल्यावर लोखंडाची एकच वस्तू न्यावी असं माझं मत पडलं, आणि ती कोयता असावी. मी ओसरीवर उभं राहून मुद्दे मांडले. कुऱ्हाड फक्त तोडते. कोयता तोडतो, सोलतो, चिरतो, ओढतो, उकरतो, ठोकतो. काकाजी तंबाखू मळत ऐकत होते. "काकाजी, कुऱ्हाडीनं कांदा कापून दाखवा," मी म्हटलं. ते म्हणाले, "कांदा त मी दातानंही खातो. तू कोयत्यानं ओंडका फोडून दाखव."

शेवटी पैज लागली. कुऱ्हाड घरी राहील. कोयता तीन आठवडे टिकला तर काकाजी भांडी घासतील. नाही टिकला तर भांडी मी घासायची, आणि वर बपेऱ्याच्या बाजारात चार माणसांसमोर म्हणायचं, की मी पुस्तकं वाचून येडा झालो, काकाजींचं खरं. ही दुसरी अट ऐकून मी हसलो होतो. पुढं जे झालं ते त्या अटीपायी झालं.

*

मंगरूभाऊ माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. चिंचेखाली त्यांचं दुकान, म्हणजे चार खांब आणि वर गवत. वैनी भाता ओढायच्या, ते घाव घालायचे, आणि दोघांचं भांडण घावाच्या तालावर चालायचं. मी जाऊन म्हटलं, कोयता पाहिजे. त्यांनी विचारलं, "कायले पाहिजे?" मी म्हटलं, सगळ्या कामाले.

"सगळ्या कामाले पाहिजे त लगन कर ना. कोयता कायले पाहिजे?"

भात्यावरून वैनी म्हणाल्या, "पोरगी पाहाले जाशीन त या माणसाले संगं नोको नेजो मास्तर, पायरीवरूनच हाकलतीन."

मग त्यांनी माझा हात मागितला. तळवा उलटा करून, दाबून पाहिला, बोटं मिटवून पाहिली. खडूचा हात आहे म्हणाले, मूठ बारीक पाहिजे. कोपरापासून बोटापर्यंत सुतळीनं माप घेतलं. ट्रकच्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्याचा एक तुकडा त्यांनी जपून ठेवला होता, तो काढला. त्यातला अर्धा माझ्यासाठी. असं लोखंड पुन्हा येत नाही म्हणाले. तुमच्या मोबाइलवर हे सगळं लिहिलेलं नसतं. तिथं इंच असतात. कोयता ज्या हातात राहायचा आहे तो हात कोणी पाहत नाही.

सगळ्यात आठवतं ते पाणी देणं. कोयत्याला धार टिकावी म्हणून तापवून, ठरावीक क्षणी पाण्यात बुडवतात, मग पुन्हा हलकेच तापवून रंग बघतात. त्या वेळी मंगरूभाऊ दुसरेच होऊन जात. पोतं बांधून उजेड अडवत. पोरांना हाकलत. वैनींचं भांडणही थांबे. लोखंडावर आधी वाळल्या धानाच्या पेंढ्याचा रंग येतो, मग तांबूस, मग जांभळा. पेंढ्याचा रंग धारेवर पोचला त्या पळाला त्यांनी कोयता बुडवला. छस्स असा आवाज झाला. तेवढा वेळ ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.  हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण हे सांगू शकेल असं आता फारसं कोणी उरलं नाही.

तिवसाच्या लाकडाची मूठ लाखेनं बसवून त्यांनी कोयता माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मूठ ढिली झाली त माह्याकडं आन. इस्तवात नोको टाकजो. पाणी देल्लं हाय, थे उतरून जाते."

मी म्हटलं, हो हो.

*

पहिले बारा दिवस म्हणजे माझं राज्य होतं. त्या कोयत्यानं मी झोपडीसाठी फांद्या तोडल्या, बांबू चिरून खाटेच्या पट्ट्या केल्या, मोहाखालची झुडपं साफ केली, दातवण तोडलं, कांदा तर इतका बारीक चिरला की काकाजी म्हणाले, "मास्तर, कांदा दिसून नाही राहिला, वासावर जेवतो." चुलीची तीन ढेपं उकरली. पाठीनं खुंट्या ठोकल्या. एकदा मधाचं पोळं काढलं. ओंडकाही फोडला, लहानसा, पण फोडला. दर कामानंतर मी काकाजींकडं पाहायचो, आणि ते डोंगराकडं पाहायचे. भांडी तेच घासणार हे त्यांना दिसू लागलं होतं. आजही डोळे मिटले की त्या सकाळी आठवतात. पायाखाली फुलं चिरडू नयेत म्हणून आम्ही दोघं बगळ्यासारखे पाय टाकत फिरायचो. पिवळसर, रसानं भरलेली फुलं. टोपली भरली की हात चिकट, दाढी चिकट, आणि मुंग्या आमच्यावर लोणच्याच्या बरणीसारख्या चढत.

खुंट्या ठोकून ठोकून तेराव्या दिवशी मूठ फुटली. काकाजी म्हणाले, गावात जा, मंगरूकडून बसवून आण, संध्याकाळपर्यंत परत येशील. पण मला गावात जाऊन, तेराव्या दिवशीच कोयता दुरुस्तीला आला, हे दाखवायचं नव्हतं. मी धावड्याची फांदी तासून नवी मूठ करायला घेतली. पात्याची आतली शेपटी तापवून मुठीत घुसवायची, एवढंच तर काम. मंगरूभाऊंना करताना पाहिलं होतं. शेपटी जुन्या लाकडात अडकली होती, ते लाकूड जळून जावं म्हणून मी कोयता चुलीत खुपसला. आम्ही झाडाखालची पानं जाळून जागा साफ करायचो, त्याच्या निखाऱ्यांचा ढीग शेजारीच होता. ते सगळे निखारे मी वर ओढले.

तेवढ्यात काकाजींनी हाक मारली. पलीकडच्या झाडाखाली अस्वल आलं होतं. मादी होती, पाठीवर दोन पिल्लं, आणि ती आमची फुलं अशी निवांत ओढून खात होती, की जशी काही पंगतीला बसली आहे. काकाजींनी पिपा बडवायला घेतला. ती मान वर करी, ऐके, आणि पुन्हा खाऊ लागे. एक पिल्लू घसरून खाली पडलं आणि रागानं आईच्या पायाला चावलं. काकाजी पिपा बडवायचं विसरले. मी तर सगळंच विसरलो. आयुष्यात इतकं हसू मला फार थोड्या वेळा आलं आहे.

परत आलो तेव्हा कोयता टोकापर्यंत लाल झाला होता. पळसाच्या फुलासारखा लाल. काकाजी अजून तिकडंच होते. मी त्याला पाण्यात टाकलं नाही, तडकेल म्हणून भ्यालो. राखेत पुरून हळूहळू गार केला. शहाणपणानं केला. नवी मूठ बसवली. दिसायला आधीपेक्षा सुंदर.

दुसऱ्या दिवशी वाळल्या बांबूवर पहिला घाव घातला आणि धार पोळीच्या काठासारखी दुमडली.

काकाजी जवळ आले. कोयता हातात घेतला, बोटानं धार वर-खाली केली. "काहून गा मास्तर, हा कोयता हाय का पापड?"

आणि मी म्हणालो, "मंगरूभाऊचं लोखंड कच्चं निघालं."

विचार करून बोललो नाही. पण बोललो तेव्हा मला ठाऊक होतं. बाजारात उभं राहून स्वतःला येडा म्हणवून घ्यायचं नव्हतं, आणि समोर एक वाट दिसली. कोयता निवडणं चुकलं नाही, लोखंडच कच्चं, मग पैज कसली. काकाजींनाही ते पटलं. त्यांना तर ते फारच आवडलं, कारण त्यांच्याजवळ आता एक गोष्ट होती. ते कुऱ्हाड आणायला गावात गेले आणि जाताना वाटेतल्या प्रत्येक मोहाखाली थांबले. मी परत आलो तोवर ते दोन शब्द तयार झाले होते. काकाजींच्या जिभेचंच काम ते, पण जिभेवर ठेवलं मी.

*

मोह संपल्यावर मंगरूभाऊ आमच्या घरी आले. खांद्यावर त्यांची चार वर्षांची पोरगी. रागावलेले नव्हते. म्हणाले, कोयता दाखव, कुठं चुकलं ते पाहतो. त्यांनी तो हातात घेतला असता तर एका नजरेत ओळखलं असतं. मी म्हटलं, बोडीत पडला. बोडी म्हणजे शेतातलं आमचं छोटं तळं. ते गेल्यावर मी शेतात गेलो आणि खरोखरच कोयता बोडीत टाकला. निदान एक गोष्ट तरी खरी असावी.

पण वैशाखात बोडी आटली. एका सकाळी पाहतो तर चिखलातून धावड्याची मूठ वर आलेली, आणि शेजारी आमची म्हैस उभी राहून तिच्याकडं पाहत होती. मी चिखलात उतरून ढोपरापर्यंत बुडालो, कोयता काढला, धोतरात गुंडाळून बावनथडी नदीच्या डोहापर्यंत चालत नेला आणि मधोमध फेकला. आज लिहिताना हसू येतं. त्या दिवशी वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं विचारलं होतं, की मास्तर, मासोळी भेटली का.

त्याआधीच एक झालं होतं. मंगरूभाऊंनी दुसरा कोयता करून पाठवला होता. मी मागितला नव्हता. त्याच पाट्याचा उरलेला अर्धा तुकडा होता तो. तो कोयता आजही आमच्या घरात आहे. तीनदा मूठ बदलली, धार अजून तशीच. म्हणजे लोखंड कच्चं नव्हतं हे मला दरवेळी नारळ फोडताना नव्यानं कळत आलं आहे.

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. दुपारच्या दंडारीच्या खेळात सोंगाड्यानं लाकडी तलवार काढली, ती मधेच मोडली, आणि तो लोकांकडं पाहून म्हणाला, मंगरूचा माल. सगळं मैदान हसलं. मंगरूभाऊ पुढच्या रांगेत होते, पोरगी मांडीवर. तेही हसले. पोरगी मान वर करून म्हणाली, "बाबा, तुमचं नाव घेतलं." ते तिला म्हणाले, हो, आपला बाबा मोठा माणूस हाय. मी चार हातांवर होतो. उठून उभा राहिलो असतो तर तिथंच सगळं मिटलं असतं. मी शेंगदाणे खात राहिलो.

मग हळूहळू लोक विळे पाजायला तुमसरला नेऊ लागले. उघड कोणी काही बोललं नाही. ऐरण सकाळी उशिरा वाजायला लागली, मग एक दिवस आड, आणि एका उन्हाळ्यात मंगरूभाऊ वरठीला गेले. तिथं कारखान्यात ठेकेदाराकडं काम मिळालं म्हणे. तोवर माझी ऑर्डर आली होती. मी पोरांना खरं बोलण्यावर निबंध लिहायला देत होतो.

*

पुढं पंचवीसेक वर्षांनी ते मला वरठीच्या स्टेशनवर भेटले. मी शाळेच्या कामानं नागपूरला निघालो होतो. फलाटाच्या टोकाला सायकल, हँडलला डबा, आणि पांढऱ्या मिशा. त्यांनीच मला ओळखलं. चहा त्यांनीच पाजला. वैनी बऱ्या आहेत, पोरगी तिच्या घरी सुखात आहे, नातू फुटबॉल खेळतो. आणि मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कोयता कसा हाय?"

मी म्हटलं, चांगला आहे. अजून चालतो.

"मंग पहिल्यातच काय चुकलं, थे मले अजून समजलं नाही मास्तर. त्या दिवशी मी तुह्यासंगं बोलत बसलो असन. रंग पाहाले चुकलो. तवापासून पाणी देतानी हात कापे माहा. म्हणून मंग सोडून देल्लं."

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. आपलीच एक जुनी चूक सांगावी तसं, जरा संकोचानं सांगितलं. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. गाडी यायला अजून पाच मिनिटं होती. पाच मिनिटं पुष्कळ झाली.

मी म्हणालो, "जाऊ द्या मंगरूभाऊ. होते असं माणसाच्या हातून. मी काही मनात ठेवलं नाही."

त्यांचा चेहरा खुलला. अगदी मोकळा झाला. गाडी आली, मी आत बसलो, त्यांनी खिडकीतून हात घालून माझा खांदा दाबला आणि बरं वाटलं म्हणाले. गाडी हलली तरी ते हात हलवत होते. ज्यानं काहीच केलं नव्हतं त्याला मी माफ करून आलो होतो.

त्यानंतर मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. एकदा पोस्टकार्ड घेतलं, पण पोस्टकार्ड पोस्टमन वाचतो. मग आंतर्देशीय पत्र घेतलं, आणि त्यात धान कसं आहे, पाऊस किती आला, गावात नळ आले, एवढं लिहून कागद भरून टाकला. एकदा वरठीत त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, मिठाईचा पुडा हातात. कोपऱ्यावर पोरं क्रिकेट खेळत होती. त्यांचा खेळ संपेपर्यंत थांबलो आणि परत आलो. मिठाई काकाजींनी खाल्ली. काकाजींनाही मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी मंगरूभाऊ गेले. मला कळलं तेव्हा तेरवीही होऊन गेली होती.

*

हे सगळं मी रेणूला त्या दुपारी सांगितलं. तिनं मधे एकदाही मोबाइल पाहिला नाही, यावरून काय ते समजा. अस्वलाच्या पिल्लाला हसली, म्हशीला हसली. मग आत जाऊन तिनं दारामागचा कोयता काढला, हातात तोलून पाहिला, आणि मोबाइलवरचे उरलेले दोन कोयते बाद करून टाकले. तिच्या हाताला मूठ मोठी होते. तिवसाची मूठ करून देणारा आता शोधावा लागेल.

मला तिनं एकच विचारलं. "आबाजी, ते आत्ता समोर असते तर तुम्ही काय म्हणाले असते?"

तिला उत्तर मी कागदावर देतो आहे. आमच्या गावांत हा लेख कोणी वाचला, तर ते दोन शब्द आता तोंडातून काढू नका, एवढी विनंती. आणि स्टेशनवर त्या पाच मिनिटांत जे म्हणायचं होतं ते हे:

मंगरूभाऊ, थो कोयता कच्चा नव्हता. म्या इस्तवात टाकला होता. तुमी नोको म्हणलं होतं तरी टाकला, आन अस्वल पाहत बसलो. बोडीत पडला म्हणलं, थेही खोटं. तुमी त्या दिवशी माह्यासंगं एक शब्द बोलले नव्हते. रंग बरोबर होता, पाणी बरोबर होतं. तुमचा हात चुकला नव्हता, भाऊ. मले माफ करा.